पाहुण्याला विचारायची रीत

प्रिय आशेर,

लोकरवाल्या झोसिमसने तुझं पत्र परवा आणून दिलं. गाढवावरून उतरायच्या आधीच अंगणातून ओरडला, "तिर्झा, भावाचं पत्र! सात दिवस उराशी बाळगलंय, आता वाचून तरी दाखव." मी दाखवलं नाही. चुलीपाशी उभ्यानेच वाचलं. मला वाचता येतं हे इफिसला राहून तू विसरला नसशील. आबा तुला शिकवायचे तेव्हा त्यांचा आवाज मोठा असायचा आणि जातं तुमच्यापासून चार हातांवर होतं. तू लिहितोस, इथल्या सर्व भावाबहिणींचा तुला नमस्कार. कुणाच्या भावाबहिणी? आपल्या आईला तीन मुलं झाली. एक पाऊल टाकायच्या आधी गेलं. उरलो तू आणि मी. इफिसमध्ये कोणी सुतार असेल, कोणा ग्रीकाची विधवा असेल, त्यांच्याबरोबर तू एका ताटात जेवत असशील; जेव. पण त्यांना माझी नाती वाटून देऊ नकोस. आणि त्याच ओळीत पुढे मलाही बहीण म्हणून त्यांच्या रांगेत बसवू नकोस. मी त्या रांगेतली नाही. तुला ताप आला तेव्हा तुझी ओकारी ओंजळीत धरली ती मी.

आईबद्दल तू चार ओळी लिहिल्या आहेस. ती शेवटच्या दिवशी कबरीतून उठेल, रडू नकोस, असं म्हणतोस. आशेर, ती उठेल हे आबाही मानतात, मीही मानते, ते तू मला इफिसहून कळवायला नको. पण रडू नकोस हे मला सांगणारा तू कोण? तू नव्हतास. तिला पुरलं तेव्हा कबरीपासून परतताना शोक करणाऱ्यांनी दोन रांगांमधून चालायचं असतं, आणि रांगांतल्या माणसांनी सांत्वनाचे शब्द म्हणायचे असतात. रांगांना दहा पुरुष लागतात. शोक करणारा त्यात धरत नाहीत. गेराकाकांनी मोजलं. आठ. पुन्हा मोजलं, जसं काही मधल्या वेळात कोणी जमिनीतून वर येणार होतं. शल्लूम आणि त्याचे दोघे मुलगे तुझ्यामागून गाव सोडून गेले नसते तर अकरा झाले असते. तू नसतास तरी चाललं असतं, बघ. आठ माणसं तशीच उभी राहिली, एकमेकांकडे बघत, आणि आबा आणि मी त्यांच्या बाजूने चालत घरी आलो. मधून नाही, बाजूने. ते शब्द राहूनच गेले. आईने या गावातल्या प्रत्येक बाळंतिणीला हात लावला होता, आणि तिच्यासाठी रांग झाली नाही.

इथलं विचारलं आहेस म्हणून सांगते. काळ्या मेंढ्यांची लोकर यंदा चांगली निघाली. तुझ्या अंजिराच्या झाडाची एक फांदी वाऱ्याने मोडली, बाकीचं झाड ठीक आहे. गच्चीवर अंजिरं वाळत पडली आहेत आणि मी माश्या हाकत बसते. लमुएलकाकांना आता डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण सभास्थानाची झाडलोट तेच करतात, गुंडाळ्यांची पेटी तेच पुसतात. उघडत मात्र नाहीत. आपण तेरा पुरुष होतो. तुम्ही चौघे गेलात. नऊ राहिले. दहा असल्याशिवाय नियमशास्त्राची गुंडाळी उघडत नाही, हे तुला मी सांगायला नको, तू वाचायचास. तू गेल्यापासून एकदाही उघडलेली नाही. दर शब्बाथला, विसाव्याच्या दिवशी, नऊ जण येतात, आपापली प्रार्थना करतात, मग पेटीकडे बघत बसतात. आबा पुढच्या बाकावर. लमुएलकाका सवयीने उठतात, पेटीपर्यंत जातात, कापड सारखं करतात आणि परत येतात. मी भिंतीलगत बसून हे बघते. दर शब्बाथला वाटतं, तू एकदा इथे बसून हे बघावंस. तुझ्या इफिसमधल्या भावाबहिणींना घेऊन ये हवं तर.

ज्याच्या शब्दावर तुम्ही चौघे गेलात त्या येदायाबद्दल तू लिहितोस की तो धन्य आहे, समुद्रकाठच्या गावांतून फिरतो आहे. असेल. त्याच्यावर मला राग धरता येत नाही, हाच माझा राग आहे. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. आपल्यासारखाच यहुदी, आपल्यासारख्याच प्रार्थना, शुक्रवारी दिवा लागायच्या आत हातातलं काम खाली ठेवणारा. आपल्या अंगणात बसून त्याने अर्ध्या गावाच्या चपला शिवल्या. आईच्या मसुरीच्या कालवणाला नावं ठेवली नाहीत, ते तर आबांनाही कधी जमलं नाही. आबांच्या चपलेचा पट्टा त्याने शिवला तो अजून टिकून आहे. दुसरा पट्टा, आपल्या मोचीने शिवलेला, दोनदा तुटला. रोज सकाळी आबा त्या चपला घालतात आणि मी तोंड फिरवते.

पहिल्या शब्बाथला तो मागच्या बाकावर बसला होता. वाचन संपलं आणि सभास्थानाचे प्रमुख म्हणून आबांनी रीतीप्रमाणे लमुएलकाकांना त्याच्याकडे पाठवलं. "बंधू, लोकांसाठी काही शब्द असेल तर सांगा." प्रत्येक पाहुण्याला विचारतात तसंच. तार्ससचा तो तेलवाला आठवतो का, उपासावर इतका वेळ बोलला की गेराकाका घोरायला लागले? त्यालाही विचारलं होतं. पणजोबा या गावात आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी आले. त्यांना कोणी ओळखत नव्हतं, पण पहिल्याच शब्बाथला इथल्या लोकांनी त्यांना बोलायला सांगितलं, आणि त्या दिवसापासून ते इथले झाले. आबा ही गोष्ट अजून एकही शब्द न बदलता सांगतात. म्हणून ते विचारतात. न विचारणं त्यांना माहीतच नव्हतं.

येदाया उठला आणि त्याने संदेष्ट्याचा तो भाग सांगितला, कातरणाऱ्यापुढे गप्प राहणाऱ्या मेंढीचा. लमुएलकाका माझ्या बाजूला वाकून पुटपुटले, "याने जन्मात मेंढी कातरलेली नाही. आपल्या तर गाव डोक्यावर घेतात." मला हसू आलं होतं. मग तो म्हणाला, हे झालेलं आहे. नाझरेथचा एक माणूस होता, त्याला लाकडावर टांगलं, तो तोंड उघडून बोलला नाही, आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं, तोच मशीहा, आपण ज्या तारणाऱ्याची वाट बघतो तो. माझं हसू तिथेच थांबलं. गेराकाका ताडकन उठले. "टांगलेला मशीहा? पुढच्या शब्बाथला काय, आंधळा वाटाड्या आणणार?" आबा म्हणाले, "गेरा, बस. आपण विचारलंय. त्याला पुरं करू दे." त्यांनी पुरं करू दिलं. दुसऱ्या शब्बाथला पुन्हा विचारलं. तिसऱ्याही. हे तू कुणाला सांगतोस का कधी, इफिसमध्ये? की आबांनी त्याला तीनदा विचारलं, गावातली निम्मी माणसं दात खात असताना? की तुमच्या गोष्टीत फक्त चौथा शब्बाथ असतो?

तर आता चौथ्या शब्बाथचं ऐक. हे तुला माहीत नाही, कारण आदल्या दुपारी तू येदायाबरोबर नदीवर होतास. गेराकाका आणि आणखी चौघे अंगणात आले. मी लोकर पिंजत होते. बाई लोकर पिंजत असली की पुरुषांना ती ऐकते असं वाटत नाही. गेराकाका आबांना म्हणाले, "मत्तथ्या, उद्या त्याला विचारलंस तर आम्ही पाच जण बाहेर. मग बस तू, तुझं पोरगं आणि तो चपलावाला. आणि मोज दहा." ते गेल्यावर आबा बराच वेळ बोटांवर मोजत होते, मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी वाचन संपलं. लमुएलकाका उठायला लागले तेव्हा आबांनी त्यांच्या बाहीला धरून खाली बसवलं. येदाया वाट बघत होता. सगळेच वाट बघत होते. आणि तू उठलास. "आबा, विचारायचं विसरलात." आबा म्हणाले, "विसरलो नाही." एवढंच. ते दहा टिकावेत म्हणून गप्प राहिले, आशेर. घाबरले म्हणून नाही, कठोर होते म्हणून नाही. दहा टिकावेत म्हणून. आणि दहा टिकले नाहीत ते तुझ्यामुळे.

तू घरी आलास, बोचकं बांधलंस, दारात उभा राहिलास. येदाया तुझा दंड धरून म्हणत होता, "नको, हे तुझं घर आहे." त्यानेसुद्धा नको म्हटलं. तरी तू चपला काढल्यास आणि आपल्या उंबऱ्यावर धूळ झटकलीस. जी गावं तुमचं ऐकत नाहीत तिथे तुमचे लोक झटकतात, तशी. आई आत अंथरुणावर होती. तिने आवाज ऐकला आणि मला विचारलं, "कोण आलं गं?" मी म्हटलं, कोणी नाही. ती धूळ कुठली होती, कधी विचार केलास? आपल्याच अंगणातली. सकाळी मीच झाडलं होतं, तरी तुझ्या चपलेला लागली. मी ती पुन्हा झाडली. त्या दिवसापासून रोज झाडते, आणि रोज वाटतं की थोडी राहिली.

आता मला खरं ते लिहू दे, कारण कागद संपत आला आहे. पहिल्या शब्बाथला येदाया बोलला तेव्हा मी रडले. तू पुढे होतास, तुला दिसलं नाही. मेंढीच्या त्या शब्दांना नाही रडले. तो म्हणाला, तो माणूस बायकांशी बोलायचा, त्यांना विचारायचा, आणि तो उठल्याचं पहिल्यांदा बायकांनीच सांगितलं, तेव्हा रडले. आबांनी येदायाला एकदा विचारलं नाही म्हणून तू धूळ झटकलीस. मला कोणी विचारलं? आबांनी नाही. येदायाने नाही, त्याने फक्त कालवण वाढून घेतलं. तूही नाही. चौघे निघालात, पुरुष पुरुष. तिर्झा, तुला काय वाटतं, असं वळून कोणी म्हटलं नाही. मला काय वाटलं ते सांगायला मला दोन वर्षांत वेळ मिळाला नाही, कारण आई आजारी होती आणि आबांना भाकरी लागते. मी आले असते की नसते, मलाच माहीत नाही. तुला तर ते माहीत असायची गरजच वाटली नाही.

झोसिमस म्हणाला की मांडवांच्या सणाच्या आधी तू नदीकाठाने वर येणार आहेस, खालच्या गावात त्या ग्रीक रंगाऱ्याच्या घरी उतरणार आहेस. तिथून आपलं घर अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आहे. म्हणून हे पत्र. आबांना आता श्वास पुरत नाही. तीन पायऱ्या चढले की भिंतीला टेकतात. गेराकाकांचा नातू वसंतात तेरा वर्षांचा होईल, मग आबांना धरून आम्ही पुन्हा दहा होऊ, तुझ्यावाचून. पण आबा वसंतापर्यंत नाहीत. मला कोणी सांगितलेलं नाही, मी त्यांचं अंथरूण घालते. त्यांना एकदा वाचन ऐकायचं आहे. मी गेराकाकांकडे गेले. तासभर शिव्या दिल्या त्यांनी, तुला, येदायाला, मला, झोसिमसच्या गाढवाला. मग म्हणाले, "मत्तथ्याचा मुलगा आहे. मोजतो त्याला दहावा. पण तोंड उघडून त्या टांगलेल्याबद्दल बोलला तर मी उठलो, आणि नातू माझ्याबरोबर. कायमचा." मी त्यांना शब्द दिला की तू बोलणार नाहीस. तुला न विचारता दिला. ये, आणि गुंडाळी उघड, आणि आबांसाठी वाच. तू आता इथला राहिला नाहीस, म्हणजे पाहुणा आहेस. वाचन संपलं की आबा लमुएलकाकांना तुझ्याकडे पाठवतील. मी नको म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "एकदा विचारायचं टाळलं. आता विचारल्याशिवाय मरणार नाही." ते विचारतील आणि तुझ्याकडे बघत राहतील. तू मान हलव. काही नाही, आबा, एवढंच म्हण. ज्याच्यामागे गेलास तो गप्प राहिला असं तुम्हीच सांगता; मग एक दिवस तूही राहून दाखव. नंतर बाहेर ये. उंबऱ्याशी पाय धुवायला पाणी ठेवलेलं असेल. गच्चीवर अंजिरांपाशी बस आणि मग सांग, त्या माणसाबद्दल, पहिल्यापासून, तुला हवं तितका वेळ. मी विचारते आहे.

तुझीच, आणि तुझी एकुलती एक,
तिर्झा