बाच्या नावाचा वासा

प्रिय लडकू,

तुझं पत्र पोचलं. सूनबाई भिमी बाळंत झाली, पोर नि ती खुशाल, वाचून जीव भांड्यात पडला. अक्षर मात्र मुंग्यांसारखं काढतोस. वाचता वाचता माझा भात करपला. मी जेमतेम दुसरी शिकलेली बाई, जरा ठळक लिहीत जा रे.

लारी उचलायच्या यंत्राला जॅक म्हणतात, हे तुझ्यामुळे पाठ झालं. विलायतेत जॅक हे साध्या गड्यामाणसाचं नाव, नि गड्याचं काम यंत्र करायला लागलं तसं त्याचंच नाव यंत्राला पडलं, असं तुझा साहेब सांगतो म्हणे. त्यात नवल काय? आपल्या गावानं तेच केलंय. तुझ्या बानं ऐनाच्या लाकडाचा वासा तासून ठेवलेला. कुणाचीही गाडी रुतली की धोंड्यावर टेकवून आसाखाली घालायचा नि दुसऱ्या टोकावर स्वतः बसायचा. बा गेला, वासा मारुतीच्या देवळाला टेकून राहिला. आता माणसं वाशालाच बाच्या नावानं बोलावतात, नुसतं वासा म्हटलं तर कुणाला कळत नाय. परवा मुरबाडच्या रस्त्याला कोळशावर चालणारी लारी रुतली. डायव्हर जॅक जॅक ओरडतोय, नि आपले मंगळ्या नि वाळू दोघं बाचं नाव घेत देवळाकडे पळतायत. मी अंगणात भात पाखडत होते. हात थांबला, मान वळली. इतक्या वर्षांनी, मेली, अजून वळते.

माझीच पंचाईत. नवऱ्याचं नाव त्याच्या जित्तेपणी घेतलं नाय, आता कुठून घेऊ? गेल्या साली आपलीच गाडी ओढ्यात बसली, तर मी नुसती "ते आणा गो, ते" करत राहिले. शेजारच्या भागीनं आधी कोयता आणला, मग दोरी. बाया हसल्या, मीबी हसले.

आता ऐक. बारशाला पोराला बाचंच नाव ठेवतो, असं लिहिलंस. डोळे भरले, खोटं नाय सांगत. पण ते ठेवू नकोस. भावकी बोलेल, बोलू दे. ते नाव ठेवलंस तर पोर रांगत चुलीकडे निघालं तरी मला हाक मारता येणार नाय. सारा जन्म तुझ्या बाला मी खाकरून बोलावलं. नातवाला तरी पार ओढ्यापर्यंत ऐकू जाईल अशी हाक मारायचीय. कुठलंही नाव ठेव, पण मला तोंडभरून घेता येईल असं ठेव.

त्या नावाची वाट बघणारी,
तुझीच आई