कामिसेची बस आणि सेरंगूनचं घर

मी, शैला मनोहर लिमये, वय एकोणसत्तर, जपानी भाषेची निवृत्त दुभाषी, राहणार सेरंगून, सिंगापूर, पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. गुडघे कुरकुरतात, डोकं ठीक आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. माझा राहता फ्लॅट, सामानासह, चैत्रालीला द्यावा. कायद्याने ती आता माझी सून नाही. माझा मुलगा अंकुर आणि ती वेगळे झाले, तेव्हा ती बॅग भरून माझ्या नातीला, इराला, घेऊन निघाली होती.

"कुठे जाणार?" मी विचारलं.

"बघते, आई."

मी बॅग आत नेऊन ठेवली. तेव्हापासून मायलेकी इथेच आहेत.

२. अंकुर, तुला वाईट वाटेल, म्हणून कारण लिहिते. तुझे बाबा जपानमध्ये पुलाच्या कामावर होते, तेव्हा आम्ही कामिसे खोऱ्यात राहायचो. तिथली छोटी रेल्वे रेशमाच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेली. पुढे त्याच कंपनीने बसही सुरू केल्या. मला कळा सुरू झाल्या त्या दिवशी बर्फामुळे रेल्वे बंद होती. निशिनो नावाच्या ड्रायव्हरने बस काढली. वाटेत प्रवाशांनी उतरून फावड्यांनी बर्फ बाजूला केला. म्हणून तू दवाखान्यात सुखरूप जन्मलास.

पुढे खोरं ओस पडत गेलं, रेल्वे परवडेना. शेवटच्या गाडीला आम्ही दोघं मुद्दाम गेलो. म्हातारे निशिनोसान फलाटावर भेटले. "आता इथल्या लोकांनी जायचं कसं?" बाबांनी माझ्यामार्फत विचारलं. ते म्हणाले, "रेल्वे संपली, माणसं आहेत ना. उद्यापासून रेल्वेच्या जागी बस सुटेल." दुसऱ्या दिवशी सुटली. आत तीन आजीबाई होत्या.

तुमचं लग्न का संपलं, ते मी कधी विचारलं नाही. पण या दोघींना घर लागणार.

३. बँकेतली ठेव आणि बाबांची पुलाची रेखाचित्रं अंकुरची.

४. नणंद साधनाताई चारचौघांत म्हणाल्या होत्या, "जपानीच्या नादात हिला पुरण येत नाही." माझं पुरणयंत्र त्यांना पाठवावं. वापरून गुळगुळीत झालं आहे.

५. कामिसे कंपनीच्या इतिहासाचं मी केलेलं मराठी भाषांतर इराचं. "आजी, मराठी वाचायला मी सो स्लो लाह," असं ती सिंगापुरी ढंगात म्हणते. सावकाश वाच, बाळा.

६. हा मजकूर मी रविवारी अंकुरला वाचून दाखवला. त्याने कागद घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाला, "चैत्रालीला सांगितलंस?"

"नाही."

"मी सांगतो."

तो स्वयंपाकघरात गेला. दोघं हळू आवाजात बोलत राहिली. मग चैत्रालीने बाहेर येऊन विचारलं, "आई, अंकुर जेवायला थांबतोय. भात वाढवू?"

वरच्या एकाही शब्दात बदल न करता सही करत आहे.

शैला मनोहर लिमये

आमच्यासमक्ष सही केली. आम्हा दोघांना यातलं काही मिळायचं नाही:
श्रीनिवास राघवन, शेजारी
स्मिता बापट, मैत्रीण

सिंगापूर, १७ मार्च २०१६