घराला जोडलेलं

३ मार्च
आले एकदाची स्वतःच्या घरात! कपाटं लागली, शिलाई मशीन खिडकीपाशी बसलं, चहासुद्धा झाला. जुळं घर आहे. मधे एकच भिंत, पलीकडे धाकटी बहीण, अलीकडे मी. दारं तशीच, जिना तसाच, मोरीच्या फरशासुद्धा त्याच. फरक काय तो कागदाचा. धाकटीचं घर जमिनीसकट तिच्या नावावर. माझं नव्व्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे जमीन मूळ मालकाची आणि मुदत संपली की घरही त्याचंच. दलाल म्हणाला, ताई, नव्व्याण्णव वर्षं कोण जगतंय? मलाही पटलं. धाकटीने पट्टा वाचायला मागितला, तर मी म्हटलं, तुझ्या वेण्या मी घातल्यात, तू मला नको शिकवू.

९ मार्च
धाकटीने पुढचं दार पिवळं रंगवलं. कुणाला विचारलं? कुणालाही नाही! ब्रश घेतला, रंगवलं, जाता जाता नवऱ्याच्या नाकालाही फासला. आणि मला साधा खिळा ठोकायचा तर मालकाकडे अर्ज. आज मालकाचा माणूस टेप घेऊन आला. मी त्याचं नाव मापाडी ठेवलंय. वीस वर्षं लोकांचे कपडे शिवतेय, माप घेणारा हात मला कळतो. हा भिंतीला हात लावतो तो गिऱ्हाइकाच्या अंगाला लावावा तसा, बेताने. खिळा मंजूर झाला. मग त्याने सोळावं कलम वाचून दाखवलं: घराला जे जे कायमचं जोडलं जाईल ते मालकाचं. घ्या, म्हणजे खिळा माझा आणि मालकी त्याची! चेष्टेत विचारलं, मग मीही याच घराला कायमची चिकटणार आहे, माझं काय? मेला हसलासुद्धा नाही. वहीत लिहून घेतलं आणि गेला.

१७ मार्च
धाकटीने मागची भिंत फोडून मोठ्ठी खिडकी केली. त्यात बसून ऊन खात मटार सोलते आणि मला हाका मारते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो. मीही खिडकीचा अर्ज केला. नामंजूर. मग रागारागाने फळ्या, आकडे, मोठा आरसा, जे मंजूर झालं ते सगळं ठोकून घेतलं. आरसा जरा वाकडा वाटला म्हणून खिळा उपटायला गेले. निघेना. पकडीने ओढला तर त्याच्याभोवतीचा रंग कातडीसारखा ताणला गेला. ओल असेल.

२४ मार्च
कपाट भिंतीपासून सरकत नाही. सुतार बोलावला. म्हणाला, मागे फटच नाही, लाकूड कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळत नाही. हत्यारं गोळा करून चहा न घेता निघून गेला. धाकटी घाबरली. म्हणाली, ताई, पिशवी उचल, आमच्याकडे चल, खोली रिकामीच आहे. मनापासून म्हणाली, त्याचाच जास्त राग आला. तिच्या घरात पाहुणी म्हणून राहू? तिच्या खिडकीत बसू? माझं घर आहे मला. नाही गेले.

२९ मार्च
मशीन हलत नाही. त्याचे पाय फरशीत गेलेत. सुईखालचा फ्रॉक दगडासारखा झालाय. मापाडी न बोलावता आला. कपाट मोजलं, मशीन मोजलं, मग माझे खांदे. टेप गार होती. मी ओरडले, मी काय वस्तू आहे? म्हणाला, नोंद तुमच्याच तोंडची आहे. दार उघडं होतं. पळता आलं असतं. पण पळून जायचं कुठे, त्या पिवळ्या दाराशी?

३० मार्च
सकाळी चक्कर आली, मधल्या भिंतीला टेकले. डावा हात निघत नाही. दुखत नाही, तेच वाईट. मशीन शेजारीच आहे, वही त्याच्या फळीवर, उजवा हात पोचतो.

३१ मार्च
पाठ. केस. नखं चुन्यासारखी. पलीकडून धाकटी भिंत ठोकतेय — मला ते कानाने नाही, खांद्याने ऐकू येतं.

१ एप्रिल
धाकटी आली. तिच्याकडे किल्ली होती. रडत मला ओढत होती. जोर लावायला तिने तळवा भिंतीवर —

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण मनात आलं, होऊ दे की तिचंही काहीतरी मालकाचं. एका श्वासापुरतंच. देवा, एकाच श्वासापुरतं.

ताई, हात निघत नाही, म्हणतेय. लहानपणी दारात बोट चेमटलं होतं, तेव्हाचाच आवाज.

मापाडी दारात. तिचं मनगट मोजलं. मग शांतपणे विचारलं, बाई राहतात कुठे. ती बिचारी म्हणाली, पलीकडेच, ही भिंत दोघींची एकच.

तो भिंतीवर हात फिरवतोय. बेताने. वही काढली —

पान उलटत नाही. इथेच लिहिते. तिचं घर जोडलेलं नाही. ते तिचं आहे. माझी हाय लागली असेल पण ते तिचंच, दार, खिडकी, ऊन, सगळं तिचं, जमिनीसकट, लिहा ना, जमिनीसकट ति