दोन गाठींचा तुकडा

॥ आई एकवीरा प्रसन्न ॥

अटलांटा, १४ मार्च १९९०

ती. मालनताईस,
उत्तमचा सा. न. वि. वि.

ताई, परवाच्या रविवारी आम्ही जिंकलो! आम्ही म्हणजे आमच्या कॉलेजचा बास्केटबॉलचा संघ. मी नुसते त्यांचे टॉवेल धुतो आणि चेंडूंत हवा भरतो, पण इथे टॉवेलवालाही ‘आम्ही’च म्हणतो. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स म्हणून आठ कॉलेजांचा एक गट आहे. वर्षभर एकमेकांशी खेळतात आणि मार्चमध्ये तीन दिवसांत निकाल. आपल्याकडे होड्यांच्या शर्यतीला कोळीवाड्या-कोळीवाड्यांत जी ईर्ष्या असते ना, अगदी तीच. जिंकलेला संघ शिडी लावून बास्केटचं जाळं कात्रीने कापतो आणि तुकडे प्रसादासारखे वाटून घेतो. आमच्या सामानाच्या खोलीतल्या म्हाताऱ्या साहेबांनी त्यांच्या तुकड्यातला अर्धा मला दिला. वीतभर आहे, दोन गाठींचा. बाबांसाठी पाठवतोय.

त्यांचा उजवा हात कसा आहे? डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू अजून खिडकीतच पडलाय का? होडी विकली, ठाण्याचं घर सोडून ते तुझ्याकडे कोपरला आले, वर दिवाळीत हा लकव्याचा झटका. आता ते नुसते बसून असतात, हे वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. मला भीती वाटते गं.

भाऊजींना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रागणिक वाढू दे.

तुझा,
उत्तम

कोपर, डोंबिवली, २ एप्रिल १९९०

चि. उत्तम,
अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट शनिवारी आलं आणि घरात भूकंप झाला. तुकडा बाबांच्या मांडीवर ठेवून पत्र वाचायला घेतलं. कात्रीपाशी आले तर त्यांनी मला थांबवलं. जिंकल्यावर जाळं कापतात, मग हरल्यावर काय होडी जाळतात, असं मलाच दरडावून विचारलं. पाच महिन्यांत एवढं लांब वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं! मग गाडी तुझ्यावर घसरली. फाटलेलं जाळं सांधल्याशिवाय घरात ठेवायचं नाही, ही रीत आजोबांनी तुला कान पिळून शिकवली होती ना? इतका शिकलास आणि तेवढंच विसरलास. तुकडा मला दाराबाहेर टांगावा लागला.

काल सकाळी त्यांनी ह्यांना ठाण्याला पिटाळलं. तिथल्या शेजारीण आवडाबाईंकडे ठेवलेल्या पेटीतून जाळं विणायची सुई आणि दोरा आणवला. तेव्हापासून गॅलरीत बसलेत. सुई हातातून पडते, शिव्या घालतात, पुन्हा उचलतात. दिवसभरात एक गाठ झाली. ती पाहून मी आत जाऊन रडले. त्यांना कळवू नकोस.

त्या तुकड्यापासून पुरं जाळं करायचं म्हणतात, तोंडाचं माप लगेच धाड. तब्येतीला जप, टॉवेल जपून धू, आणि आमची आठवण ठेव.

तुझी,
मालनताई

अटलांटा, १६ एप्रिल १९९०

ती. ताईस सा. न.

कडं अठरा इंच रुंद, जाळं साधारण तेवढंच लांब, बारा ठिकाणी अडकवायचं. बाकी जाळ्यातलं मी बाबांना काय शिकवणार? परीक्षा डोक्यावर आहे, म्हणून एवढंच. माया पातळ होऊ देऊ नकोस.

उत्तम

कोपर, १८ जून १९९०

चि. उत्तम,
अ. आ.

जाळं झालं! आज पार्सल केलं. तीनदा उसवलं, चौथ्यांदा मनासारखं जमलं. तुझा पांढरा तुकडा वरच्या काठाला दिसेल, त्याच्यापासूनच खाली विणत नेलंय. आवडाबाई बघायला आल्या आणि एक गाठ सैल आहे म्हणाल्या. तासभर दोघांचं भांडण रंगलं. बाबा जेवले मात्र दोन भाकऱ्या जास्त. शेवटी खिडकीतला रबरी चेंडू एकदाचा कामी आला. तो जाळ्यात टाकून पाहिला, तळाशी घट्ट बसला, तेव्हा कुठे स्वारी खूश झाली.

हे जाळं कुणी कापायचं नाही, असं तिथे बजावून सांग म्हणतात. ह्यांचे आणि माझे आशीर्वाद.

मालनताई

अटलांटा, ५ जुलै १९९०

ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र एकटीने वाच. जाळं सरावाच्या कड्याला लावलं. पहिलाच चेंडू आत गेला आणि आतच राहिला! पोरं खाली हात पसरून उभी. अगं, बास्केटचं जाळं खालून उघडं असतं, चेंडू आरपार पडतो. मी ते लिहिलंच नाही. बाबांनी आपलं मासळीचं विणलं. साहेब हसून हसून डोळे पुसत होते. आता त्यांनी ते चेंडूसकट आपल्या टेबलाच्या वर टांगलंय आणि येईल त्याला बाबांची गोष्ट सांगतात.

पण बाबांना हे कळू देऊ नकोस. आपलं चुकलं असं वाटलं तर सुई पुन्हा पेटीत जाईल, आणि ते पुन्हा गप्प होतील. माझी चूक पोटात घाल.

उत्तम

कोपर, नारळी पौर्णिमा

चि. उत्तमला दामाजीचा आशीर्वाद.

मालूने पत्र डब्यामागे लपवलं होतं. मी शोधून वाचलं. खालून उघडं पाहिजे तर मापाबरोबर लिहायचं. आलेलं सोडून द्यायचं तर जाळं कशाला, हे मला अजून पटत नाही. पण तुमची रीत तशी असेल तर तशी. दुसरं घेतलंय विणायला. खालून उघडं. आधीचं तुझ्या साहेबांना राहू दे, चेंडू आत ठेवला ते त्यांनी बरं केलं.

आज इथल्या खाडीवर जाऊन नारळ सोडला. गाऱ्हाण्यात तुझं नाव घेतलं. तू चुकलास ते बरं झालं, पण पुन्हा चुकू नको.

मालू लिहून देते म्हणत होती, मी दिलं नाही. अक्षर वाकडं आहे, लावून वाच. उजव्या हाताचं आहे.

दामाजी