सात ठिकाणी गाळलेलं नाव

तीर्थस्वरूप आत्या,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात लाल पेन आहे, ते नमस्कारात धरू नकोस.) तुझा गुडघा कसा आहे? डाव्याने उजव्याचं ऐकायला सुरुवात केली का? डोळ्यांत थेंब वेळेवर घालतेस ना, की मागच्यासारखी बाटली सापडत नाही म्हणून चार दिवस मांजरावर आळ घेतेस? इकडे सगळे मजेत आहेत. ह्यांना सर्दी झाली आहे आणि ते ती मनापासून उपभोगत आहेत. मी बरी आहे. मी अगदी बरी आहे. हे वाक्य दोनदा आलंय ते तुझ्या लक्षात आलंच असेल. चौतीस वर्षं वह्या तपासलेल्या बाईपासून काय लपणार!

तर, शाळेचा उपक्रम सप्ताह काल आटोपला. सगळं तुझ्या वेळेसारखंच. सोमवार ते शुक्रवार स्पर्धा आणि शनिवारी सभागृहात पालकांसमोर आठवड्याचा वृत्तांत. तू निवृत्त झालीस तेव्हा तुझ्या कपाटातल्या खणासकट वृत्तांत लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि चौदा वर्षं मी तो लिहिते, मोठ्या बाई वाचतात. (मोठ्या बाई आता तुझ्या वेळच्या नाहीत, पण चष्मा तशाच विसरतात. खुर्चीबरोबरच मिळत असावा तो विसराळूपणा.) निवृत्तीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, निरोपाच्या भाषणात तू सगळ्यांचे आभार मानलेस, घंटावाल्या काकांचे, घंटेचेसुद्धा, आणि सहा वर्षं तुझ्या शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या सख्ख्या भाचीचं नाव तेवढं राहिलं. घरी सगळे म्हणाले, वय झालं, विसरली असेल. मीही तेच म्हणाले. ते असो.

आत्या, शाळेत एक नवी आली आहे. विज्ञान शिकवते. वय सव्वीस. सायकलवरून येते. दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारते की मैदानाच्या पलीकडच्या टोकाची मुलं जागच्या जागी उभी राहतात. म्हणून मुलांनी तिचं नाव शिट्टीबाई ठेवलंय. ते तिला माहीत आहे आणि आवडतंसुद्धा! मला मुलं पूर्णविराम म्हणतात, कारण मी वर्गात पाऊल टाकलं की बोलणं थांबतं. (तुला काय म्हणायची तेही मला माहीत आहे. सांगणार नाही. तुझा रक्तदाब आत्ताच कुठे ताळ्यावर आलाय.) मला तिच्याबद्दल काही म्हणायचं नाही. गुणी आहे, कष्टाळू आहे, चहाचा कप स्वतःचा स्वतः विसळते. फक्त एवढंच, की माणसाने थोडंसं तरी वाईट असावं. शेजारच्या माणसाची सोय होते.

आता वह्यांचं सांगते, म्हणजे तुला माझी बाजू कळेल. नववीत एक उंच मुलगी आहे, जिच्या स्कर्टची शिवण एका बाजूला कायम उसवलेली असते. गेली दोन वर्षं तास संपला की ती न सांगता बेचाळीस वह्यांचा गठ्ठा उचलते आणि माझ्या मागे दोन पायऱ्या ठेवून शिक्षकखोलीपर्यंत येते. तिची आई बस चालवते. कुठल्या वळणावर कोण काय म्हणालं, कोण चढला, कोण भांडून उतरला, हे ती मला जिन्यात सांगते. दोन जिने, सदतीस पायऱ्या. बाकीच्या दिवसभरात माझ्याशी आपणहून कोणी बोलत नाही गं.

सोमवारी कागदी पुलांची स्पर्धा होती. दोन बाकांच्या मध्ये रद्दी वर्तमानपत्रांच्या सुरळ्यांचा पूल बांधायचा आणि त्यावर विटा ठेवत जायच्या. माझा अंदाज होता, तीन विटांत आटपेल. अकरा राहिल्या! बाराव्याला वीट मिळेना म्हणून शिट्टीबाईने स्वतःचा डबा ठेवला. इकडे तास संपून मी बेचाळीस वह्यांपाशी उभी. पाच मिनिटं गेली, दहा गेली, कोणी येईना. खिडकीतून बघितलं तर माझी मुलगी (माझी म्हणजे नववीची) गुडघ्यावर बसून त्या पुलाखाली मान घालून काहीतरी बघत होती, आणि शिट्टीबाईचा हात तिच्या खांद्यावर. मी गठ्ठा उचलला. एकविसाव्या पायरीवर तो माझ्या हनुवटीखालून निसटला आणि बेचाळीस वह्या थेट तळमजल्यावर, घंटेपर्यंत. आवाज ऐकून धावत कोण आलं असेल? शिट्टीबाईच! तिने सगळ्या गोळा केल्या, झटकल्या आणि हजेरी क्रमांकानुसार लावून माझ्या हातात दिल्या. एक तरी वही उलटी ठेवायची! तेवढ्यावर मी आठवडा काढला असता.

मंगळवारी धावण्याची शर्यत. तिच्या एका शिट्टीवर मुलं अशी सुटली की शेवटच्या रेषेवर दोरी धरून उभे असलेले चित्रकलेचे सर दोरीसकट फिरले. बुधवारी माझी हस्ताक्षर स्पर्धा होती. चार स्पर्धक होते. त्यांतला एक वर्ग चुकून आला होता, पण मी दाराशी उभी असल्याने त्याला परत जाता आलं नाही. तो तिसरा आला. बाहेर मैदानातून टाळ्यांचे लोट येत होते, आणि आत माझे चारही जण एका ओळीत मान वर, मान खाली करत लिहीत होते. गुरुवारी, शुक्रवारी प्रदर्शन. फुग्यांची फुप्फुसं, बाटलीतलं वादळ. एक पालक माझ्याजवळ येऊन फार आदराने म्हणाले, 'तुम्ही त्या शिट्टीबाईंच्या मदतनीस का?' मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार?

शुक्रवारी दुपारी वृत्तांत लिहायला बसले. मांडण्यासारखी यशं सात झाली होती आणि सातही ठिकाणी एकच नाव यायला हवं होतं. आत्या, मी खोटं काहीही लिहिलं नाही. प्रत्येक ठिकाणी फक्त 'शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली' असं लिहिलं. शिक्षिका ही शिक्षकच असते. वाक्यं मोठी भारदस्त झाली. खाली नेहमीप्रमाणे वृत्तांत लिहिणारीचं म्हणून माझं नाव टाकलं, कागदाची घडी घातली आणि आठवड्यात पहिल्यांदा पोटभर जेवले.

मोठ्या बाई आठवडाभर मुख्याध्यापकांच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या, त्या शनिवारी सकाळी सभागृहातच उगवल्या. आठवड्यात काय झालं त्याचा त्यांना पत्ता नव्हता, आणि वाचायला चष्मा माझा घेतला. पाहुणे म्हणून शिक्षण खात्यातले एक साहेब होते. तुला ठाऊकच आहे, असे पाहुणे दोन प्रकारचे असतात. एक झोपतात आणि दुसरे हौशी असतात. हे दुसरे निघाले. चौथ्या यशाला त्यांनी हात वर करून विचारलं, 'पण हे मार्गदर्शक शिक्षक कोण? त्यांचं नाव असेल की.' मोठ्या बाईंनी कागद वर केला, खाली केला, म्हणाल्या, 'आहे ना, इथे खाली आहे,' आणि माझं नाव वाचलं.

शिक्षकांच्या रांगेत सगळ्यांना एकदम छताचा पंखा बघावासा वाटला. पहिली टाळी कोणाची पडली सांगू? तिची. मग काय, पालक टाळ्या, पाहुणे टाळ्या. मी उभी राहिले, कारण बसून राहिले असते तर ओढून उठवलं असतं. तोवर साहेबांना वृत्तांतातली, एका शिट्टीवर सुटलेली मंगळवारची शर्यत आठवली. 'म्हणजे ती शिट्टीही तुमचीच! ऐकवा की एकदा.' आत्या, मी शुद्धीवर असताना दोन बोटं तोंडात घातली. चारशे मुलं, दीडशे पालक, आणि माझ्या तोंडातून गरम बशीवर फुंकर मारावी तेवढा वारा बाहेर आला. त्याच क्षणी शेवटच्या खांबाआडून अशी कडक शिट्टी वाजली की साहेब खुर्चीत उडाले. त्यांची नजर माझ्यावरच होती. त्यांना वाटलं, मीच! 'वा!' म्हणाले आणि तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं, की पुढच्या महिन्याच्या आंतरशालेय शिबिरात, तीन दिवस, डोंगरात, दोरांच्या पुलासह, आपल्या शाळेचं पथक मी नेणार. ज्या बाईला शाळेच्या जिन्यावरून वह्या नेता येत नाहीत, ती दोरावरून मुलं नेणार.

चारशे मुलांना खरं माहीत होतं. एकही बोललं नाही. नववीची मुलगी तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे बघत होती. रागाने नाही. हुशार मुलाच्या वहीत चुकीचं उत्तर दिसलं की आपण लाल पेन वर धरून क्षणभर थांबतो ना, तसं. माझ्या ओठापर्यंत ते नाव आलं होतं. मी 'धन्यवाद' म्हटलं आणि खाली बसले. गेल्या आठवड्यातलं एवढं एकच काम मी पूर्णपणे स्वतःच्या मार्गदर्शनाखाली केलं.

म्हणून पत्रास कारण की, तू मोठ्या बाईंना चार ओळी लिही. गुडघा फार बिघडलाय, भाचीशिवाय पाणी द्यायला कोणी नाही, तिला शिबिरातून मोकळी करा. माझी सगळी भिस्त तुझ्या गुडघ्यावर आहे. मांजराला कुरवाळ. थेंब घाल.

तुझी (एके काळी लाडकी होते असं ऐकून आहे ती)
भाची

ता. क. काल सभा संपल्यावर मी शिक्षकखोलीत न जाता वर्गातच बसून राहिले होते. ती मुलगी आली आणि तिने गठ्ठा उचलला. मी विचारलं, 'शिट्टीबाईंनी पाठवलं का तुला?' म्हणाली, 'त्या कशाला पाठवतील? मी येतेच की. सोमवारी पूल खालून वाकत होता म्हणून राहिलं.' विसाव्या पायरीवर तिने गठ्ठा सावरला. मग म्हणाली, 'बाई, वृत्तांत सोमवारी फलकावर लागतो ना?' म्हटलं, हो. 'नवीन कागदावर कोण लिहितं?' म्हटलं, मीच. 'मग ठीक आहे,' म्हणाली आणि उरलेल्या सतरा पायऱ्या आईच्या बसमध्ये छत्रीवरून झालेलं भांडण सांगत आली.

पुन्हा ता. क. गुडघ्याचं पत्र पाठवू नकोस. शिबिराला जिने जायचं ती जाईल. काम दुसरंच आहे. तुझ्या त्या खणात निरोपाच्या भाषणाचा कागद अजून आहे. घंटेच्या आभारांखाली एक ओळ मोकळी सोडलेली आहे. तू आयुष्यात कधी ओळ सोडून लिहिलं नाहीस, कागद वाया जातो म्हणून. मी नोकरीला लागले त्या वर्षी तुझ्या वह्या उचलणारी दोन वेण्यांची मुलगी तिसऱ्याच महिन्यात माझ्या टेबलापाशी यायला लागली होती. मला तेव्हा काय आनंद झाला होता! तू जिना एकटी कशी चढलीस ते मी वळून पाहिलंसुद्धा नाही. चौदा वर्षांपूर्वीच मी त्या मोकळ्या ओळीत माझं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय. कागद सोबत पाठवते. विसरली होतीस की नव्हतीस ते विचारत नाही. तेवढं शाईने गिरवून परत पाठव. बसल्या बसल्या होण्यासारखं काम आहे.

शेवटचं ता. क. मघाशी मध्येच उठून फलकाचा कागद लिहून काढला. सातही ठिकाणी तिचं नाव आहे, आडनावासकट, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. पाचव्या ठिकाणी शाई फुटली. टिपकागद समोरच होता. मी उचलला नाही.