बाबांच्या पलंगापर्यंत

परदेशीपुरा, इंदूर
१२ फेब्रुवारी २००७

प्रिय नीरज,

एरवी ई-मेल करणारी ताई आज कागदावर का लिहितेय, असं वाटेल तुला. हे स्क्रीनवर लिहवेना.

घरात वायरलेस बसवलं ते तुला ठाऊकच आहे. फोनच्या तारेतून इंटरनेट पुढच्या खोलीतल्या राउटरमध्ये येतं आणि तिथून रेडिओलहरींवर घरभर पसरतं. लॅपटॉप कुठेही न्या, चालतो. विजय नगरला आमच्या ऑफिसात त्यामुळे भिंती फोडाव्या लागल्या नाहीत, एका राउटरवर सगळे काम करतात, आणि पासवर्ड घातला की बाहेरचं कुणी घुसत नाही. घरी मात्र मी ते बाबांसाठी घेतलं. कंबरेचं हाड मोडल्यापासून ते मागच्या खोलीतच असतात, आणि वॉकरच्या वाटेत तार नको होती. मधली भिंत जाड, सिग्नल तिथे पार मंद व्हायचा. राउटर दारावरच्या फळीवर उंच ठेवला, तेव्हा कुठे व्हिडिओ कॉलवर तुझा चेहरा नीट दिसायला लागला.

फोनचा त्यांना काय उपयोग? त्यांची कापड मिल बंद पडली, माग भंगारात गेले, पण त्या खडखडाटात गेलेले कान काही परत आले नाहीत. पहिल्या रविवारी तुला बघून ते स्क्रीनवरून बोटं फिरवत राहिले. मग दर रविवारी सकाळीच दाढी करून, कॉलर सारखी करून बसायचे.

गेल्या रविवारी ते समोर असतानाच तू मला म्हणालास की घर विकू, बाबांना वृद्धाश्रमात ठेवू, आणि वर, "ताई, तू किती दिवस अडकून पडणार?" त्यांना ऐकू येत नाही, म्हणून तू बिनधास्त बोललास. नीरज, मागांच्या गोंगाटात कामगार एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं ओळखायचे. बाबांना ते अजून येतं. तू त्यांच्याशी कधी दोन वाक्यांपुढे बोललाच नाहीस, तुला कसं कळणार?

तुझा कॉल संपल्यावर त्यांनी लॅपटॉप मिटला. मग म्हणाले, "अमिता, माझी बॅग भरून ठेव. ऊन येणारी खोली मिळते का बघ." मी रडले, नाही म्हटलं. तर म्हणाले, "त्याने विचार करूनच सांगितलं असेल."

तेव्हापासून मी समोर गेले की ते डोळे मिटून घेतात. मी त्यांना कुठेही पाठवणार नाहीये, पण हे सांगू कसं? डोळे मिटले की त्यांच्यापर्यंत कुणाचंच बोलणं पोचत नाही. आता रविवारी स्क्रीनवर येऊ नकोस. तिकीट काढ, इथे ये, आणि त्यांचा हात हातात घेऊन बस. तुझा हात ते ओळखतील.

तुझीच,
अमिताताई