ओव्याची जागा

रोहणा, वसुबारस, १९५४

मी, केशव रामजी ठोंबरे, वय अडुसष्ट, इयत्ता चौथी उत्तीर्ण, गावचा माजी मुकादम, स्वतःपुरते लिहून ठेवतो.

दिवाळीच्या सफेदीसाठी सुनेने स्वयंपाकघरातील फळी रिकामी केली. माझी पत्नी पार्वती वारल्यापासून तिचे डबे तसेच होते. ते पूर्ववत लावण्याचा हट्ट माझा, परंतु तिचा क्रम आठवेना. प्रथम दोनच भाग केले, स्वयंपाकाचे आणि औषधाचे. परंतु ओवा कोठे ठेवावा? तो भज्यांतही पडतो आणि पोटदुखीवरही चालतो. सुंठ व हळद यांचेही तेच. म्हणून सुताराकडून प्रत्येक जिनसेस स्वतंत्र खण करून घेतला.

सुतार म्हणाला, "मुकादमजी, तिखटाले घर, मिठाले घर. जनगणना करून राह्यले का?"

सून म्हणाली, "मामाजी, घर सगळ्याईले भेटलं, पन शेजार कोनालेच नाई. हात जाईन कुठं?"

खरे आहे. पार्वतीचा हात न पाहता ओव्यावर जात असे.

खणांच्या पट्ट्या काढविल्या. एका टोकास स्वयंपाकाचे, दुसऱ्या टोकास औषधाचे, आणि दोहोंकडचे मध्ये, ज्याचा ओढा जिकडे त्या बाजूस. ओव्याचा ओढा कोणीकडे? मला तो आठवतो कोमट पाण्याबरोबर, तिच्या तळहातावर. औषधाकडे सरकविला. तिने कोणीकडे सरकविला असता?

डोळे मिटून हात नेला. ओवाच लागला. परंतु ती जागा माझी होती, तिची नव्हे.

समक्ष हजर: सून विमल आणि सुतार गणपत.